आवाज वाढला, शब्द हरपला

देवळात ध्वनिवर्धक असावा की नसावा, या वादात आपल्या समाजाने पुष्कळ शाई आणि त्याहून अधिक घसा खर्ची घातला आहे. त्या वादात आज मला पडावयाचे नाही. ध्वनिवर्धक आता आला आहे आणि तो राहणार आहे, हे गृहीत धरूनच मी लिहीत आहे. माझा आक्षेप निराळा आहे. जो ध्वनिवर्धक आपण देवाच्या पैशाने विकत घेतो तो कामाचा आहे किंवा नाही, हे ठरविण्याची आपली रीतच मुळात चुकीची आहे. आपण मोजतो ते नको तेच. आणि जे मोजावयास हवे ते मोजता येते, हे आपल्याला ठाऊकच नाही.

प्रसंग हजिऱ्याचा आहे. गेल्या भाद्रपदात तेथे जाण्याचा योग आला. सुरतेच्या पश्चिमेस, तापीच्या मुखाशी वसलेले हे गाव. येथून जवळच सुवाळीच्या समुद्रात 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज आरमारे झुंजली होती. आज तेथे तोफा नाहीत, पण पोलाद, खते आणि नैसर्गिक वायू यांच्या प्रचंड कारखान्यांचा घोष अहोरात्र चालू असतो. त्या कारखान्यांच्या आश्रयाने कोकण-गोव्याकडील काही कुटुंबे तेथे राहत आहेत. त्यांच्या एका वसाहतीत गणपतीपुढे कीर्तन होते. दाराशी दोन कर्णे, व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीच्या पेट्या, आणि मध्ये बिचारे बुवा. आवाज असा की छातीत धडधड व्हावी. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. पूर्वरंग संपत आला तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुता, आवाज येता, पूण उतरां कळनात.”

या एका वाक्यात माझ्या लेखाचा सारा विषय आला आहे. वास्तविक येथेच थांबावयास हरकत नव्हती. परंतु आरती झाल्यावर समितीच्या मंडळींपुढे मी ती तक्रार मांडली, आणि मला जी तीन उत्तरे मिळाली त्यांनी मला ही लेखणी हाती घ्यावयास लावली.

पहिले उत्तर समितीच्या एका उत्साही सदस्यांचे. ते म्हणाले, “पाचशे वॅटचा संच आहे, कमी पडतो. पुढील वर्षी हजार वॅटचा घेऊ.” दुसरे एका तरुण अभियंत्याचे. त्याने मोबाइलवरील ध्वनिमापक दाखविला व म्हणाला, “प्रवेशद्वाराशी 72 डेसिबल भरले. आपण नियमात आहोत. मग दोष कसला?” तिसरे एका संगीतप्रेमी गृहस्थांचे. त्यांनी दोघांनाही हाताने बाजूस सारले आणि सांगितले, “नादास मापपट्टी लावणे हाच अरसिकपणा. माझा कान सांगतो, संच उत्तम आहे.”

तिघेही सज्जन, तिघेही देवाच्या कामास झटणारे. पण तिघांचेही म्हणणे चुकीचे आहे, आणि तीच चूक आपल्या बहुतेक देवस्थानांच्या बैठकांत दरवर्षी नव्याने होत असते. म्हणून एकेकाचा समाचार घेणे प्राप्त आहे.

वॅटचा मोह प्रथम घेऊ. वॅट हे विजेच्या शक्तीचे माप आहे, आवाजाचे नव्हे. चुलीत किती लाकूड जळले यावरून भात किती शिजला हे जसे ठरत नाही, तसेच हे. ध्वनिवर्धकाच्या आत शिरणाऱ्या विजेचा फार थोडा अंश ध्वनी होऊन बाहेर पडतो. बाकीची उष्णता होते. तो अंश किती, हे ज्यावरून कळते त्या मापास संवेदनशीलता म्हणतात: एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो? एका पेटीची संवेदनशीलता 97 आणि दुसरीची 87 असेल, तर पहिली शंभर वॅटमध्ये जे काम करील त्यासाठी दुसरीला हजार वॅट लागतील. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होतो हीही भ्रांतीच. शक्ती दुप्पट झाली की पातळी केवळ 3 डेसिबलांनी वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे 10 डेसिबलांची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. तेव्हा पाचशेचे हजार वॅट करून त्या बाईंच्या कानी जे पडले असते ते पूर्वीपेक्षा किंचित मोठे, आणि पूर्वीइतकेच अनाकलनीय. तरीही आपल्या निविदांत, देणगीच्या फलकांवर आणि दुकानदाराच्या तोंडी एकच आकडा असतो, तो वॅटचा. कारण तो मोठा दिसतो.

आता त्या अभियंत्याचे म्हणणे. ते अधिक गंभीर आहे, कारण त्याच्या पाठीशी कायदा आहे, आणि कायद्याच्या बाबतीत मला चार अक्षरे ठाऊक आहेत असे मानण्यास प्रत्यवाय नसावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. त्यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा 75 व रात्री 70 अशा मर्यादा आहेत. जेथे ध्वनिवर्धक लावला आहे त्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेहून 10 ने अधिक किंवा 75, यांपैकी जे कमी असेल, त्याच्या वर जाता कामा नये. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धकास मोकळ्या जागेत बंदी आहे; वर्षातून फार तर 15 दिवस सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 आणि 2005 च्या निर्णयांत, व मुंबई उच्च न्यायालयाने 2016 आणि 2025 च्या निर्णयांत या नियमांचे सविस्तर समर्थन केले, आणि ध्वनिवर्धक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे हे उच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. 2025 च्या निर्णयात तर ध्वनिवर्धकांतच आवाजाची मर्यादा आपोआप राखणारी योजना बसविण्याचा विचार करावा, असेही सरकारला सुचविले आहे.

हे सारे नियम मला मान्य आहेत. पण ते कोणाच्या रक्षणासाठी आहेत, हे विसरून कसे चालेल? ते कुंपणापलीकडच्या माणसासाठी आहेत: ज्याने कीर्तन मागितले नाही, ज्याचे मूल आजारी आहे, ज्याची पाळी पहाटे संपली आहे, त्याच्यासाठी. म्हणून तर मोजणी हद्दीवर करावयाची. सभामंडपात बसलेल्या भक्ताला शब्द कळतो किंवा नाही, हा प्रश्न त्या नियमांनी विचारलेलाच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजणारा वकील खटला हरतो. समितीचा अभियंता श्रोते गमावतो.

बरे, शेजाऱ्याच्या त्रासाचे तरी ते माप पुरते आहे काय? तेही पूर्णांशाने नाही. मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखा दाद देत नाही, हे 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगांनी दाखविले. हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो; आवाज मोठा होऊ लागला की हा भेद कमी होत जातो. नियमांतील डेसिबल हा ‘ए’ नावाच्या मापनरीतीने मोजला जातो, आणि ती रीत मुळात हळू आवाजातील कानाचा स्वभाव धरून बेतलेली आहे. तीनुसार सेकंदाला 63 कंपने असलेल्या खर्जातून यंत्र सुमारे 26 डेसिबल वजा करते. म्हणजे 90 डेसिबलांचा तो गडगडाट कागदावर 64 म्हणून उमटतो! खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धस्स होते, भिंत ओलांडून तो खर्ज शेजारच्या घरात शिरतो, आणि यंत्र मात्र संयमाचे प्रमाणपत्र देते. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या पेट्यांचा उच्छाद ज्यांनी सोसला आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

येथे आमचे संगीतप्रेमी गृहस्थ टाळी देतील. “पाहा! मापे खोटी, कान खरा.” थांबा. कान हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्याविना त्याची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.

ओळखपरेड कशी घेतात हे वाचकांना माहीत असेल. आरोपीला एकट्याला उभे करून “हाच का तो?” असे विचारले तर त्या ओळखीला काडीची किंमत नसते, त्याच्यासारख्या अनेकांत तो मिसळावा लागतो. ध्वनिवर्धकांची अशीच ओळखपरेड कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने घेतली आणि 1985-86 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रोत्यांपुढे पडदा, पडद्यामागे निरनिराळे ध्वनिवर्धक, सर्वांचा आवाज सारखा लावलेला, कोणता वाजतो आहे हे श्रोत्यास ठाऊक नाही. निष्कर्ष असा निघाला की, नाव, किंमत आणि आकार दृष्टीआड केले की माणसांच्या आवडी आश्चर्य वाटावे इतक्या एकमेकांशी जुळतात. “आवड ज्याची त्याची” ही म्हण या बाबतीत तरी फारशी खरी नाही. पुढे 1994 मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तीच परीक्षा एकदा पडद्याआड व एकदा पडद्याविना घेतली, तेव्हा ध्वनिवर्धक डोळ्यांना दिसताच श्रोत्यांचे गुण बदलले. कान तोच, नाद तोच; निकाल मात्र डोळ्याने फिरविला. आमच्या गृहस्थांनी त्या पुरुषभर पेट्या प्रथम पाहिल्या आणि मग ऐकल्या. त्यांच्या साक्षीचे मोल यावरून करावे.

आणि यापुढचा भाग तर त्यांच्या पक्षाचा पायाच उखडून टाकतो. पडद्याआड आवडलेले ध्वनिवर्धक मापांवरून आधीच ओळखता येतात काय? येतात, पण एका आकड्यावरून नव्हे. प्रतिध्वनी उमटत नाही अशा कक्षात ध्वनिवर्धक ठेवून, खर्जापासून तारापर्यंतच्या प्रत्येक स्वराला तो समोर आणि बाजूंना किती आवाज देतो हे अनेक दिशांनी मोजावयाचे. ज्याची रेषा समोर सपाट व गुळगुळीत, आणि बाजूंनाही तशीच सौम्यपणे उतरत जाणारी, तो लोकांना आवडतो. जो काही स्वर फुगवितो आणि काही गिळतो, तो आवडत नाही. 2004 साली ऑलिव्ह यांनी 70 ध्वनिवर्धकांच्या मापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे भाकीत करणारे गणित मांडले. भाकीत आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध 0.86 भरला. पूर्ण मेळ म्हणजे 1, हे लक्षात घेतले असता हा आकडा केवढा मोठा आहे ते कळेल. तात्पर्य, कान आणि यंत्र यांचे वैर नाही. वैर आहे ते आळशी माप आणि आळशी कान या दोघांशी. दाराशी टांगलेल्या कर्ण्याची हीच रेषा काढली तर खर्ज जवळजवळ नाही, मधले स्वर उंटाच्या पाठीसारखे वर आलेले, आणि तार मध्येच तुटलेला, असे चित्र दिसते. कान ज्या स्वरांना अधिक हळवा त्यांवरच त्याचा प्रहार होतो. त्याचा जन्म लांबवर हाक पोहोचविण्यासाठी झाला. निरूपण ऐकविण्यासाठी नव्हे.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टूल आणि ऑलिव्ह यांचे प्रयोग घरातल्या दिवाणखान्याएवढ्या खोल्यांतले आहेत. आपले सभामंडप तसे नाहीत. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील देवळे डोळ्यांपुढे आणा: जाड भिंती, चुन्याचा गिलावा, गुळगुळीत फरशी, उंच छत. नवी सभागृहे तर काँक्रीट आणि संगमरवर यांचीच. अशा जागेत उत्तम ध्वनिवर्धकही शब्द गमावतो, आणि त्याचे कारण आहे घुमारा.

1895 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे एक नवे व्याख्यानगृह असेच निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा शब्द कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री आणून, मांडून, त्याने घुमारा किती कमी होतो हे मोजले व त्यातून एक सूत्र काढले. घुमाऱ्याचा काळ म्हणजे जागेच्या घनफळास 0.161 ने गुणून, ती जागा जेवढा ध्वनी शोषते त्या मापाने भागिले असता येणारे सेकंद. हिशेब करून पाहू. 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद, 6 मीटर उंच सभामंडप घ्या; घनफळ 1440 घनमीटर. गिलावा-फरशी ध्वनीचा जेमतेम शेकडा 3 अंश शोषते. दारे-खिडक्या मिळून 30 चौरस मीटर उघडी धरा. घुमारा सुमारे 4 सेकंद येतो. शंभर माणसे येऊन बसली की तो सव्वादोन सेकंदांच्या आसपास उतरतो. बोलणारा सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे प्रत्येक अक्षर उमटते तेव्हा मागच्या कित्येक अक्षरांची भुते हवेत तरंगतच असतात.

या भुतांना वॅटने घालविता येत नाही, कारण आवाज मोठा केला की भुतेही तितकीच मोठी होतात. स्वरांत बळ असते, अर्थ मात्र व्यंजनांत असतो. आणि व्यंजने नाजूक, वरच्या पट्टीची, क्षणिक. घुमाऱ्यात प्रथम तीच बुडतात. मग ‘नाम’ आणि ‘काम’ सारखेच ऐकू येऊ लागतात. ज्या मंडपात ‘नाम’ कोणते आणि ‘काम’ कोणते हे श्रोत्याला कळत नाही, तेथे कीर्तन झाले असे म्हणावयाचे कशाच्या आधारावर?

याचेही माप आहे. हॉलंडमधील हौटगास्ट आणि स्टेनेकेन या दोघांनी 1970 च्या दशकात ते सिद्ध केले. बोलण्यातील चढउतार श्रोत्यापर्यंत कितपत शाबूत पोहोचतात यावरून 0 ते 1 असा सुबोधतेचा अंक काढता येतो. 0.45 च्या खाली तो वाईट, 0.60 च्या वर चांगला, 0.75 च्या वर उत्कृष्ट मानतात. हजिऱ्याच्या त्या मंडळींनी वॅट विचारले, डेसिबल विचारले. हा अंक कोणी विचारला नाही. तुमच्या-माझ्या देवस्थानात तरी कोणी विचारला आहे?

उपाय काय, असे कोणी म्हणेल. उपाय महाग नाही, फक्त दिसावयास भव्य नाही. अडचण असलीच तर ती तेवढीच. दाराशी दोन प्रचंड पेट्या लावण्याऐवजी लहान, अरुंद, उभ्या धाटणीचे ध्वनिवर्धक खांबाखांबांशी, श्रोत्यांच्या जवळ आणि त्यांच्याकडे तोंड करून लावावेत; छताकडे किंवा रस्त्याकडे नव्हे. जवळ असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज मंद ठेवता येतो. मंद आवाज भिंतींवर कमी आदळतो. म्हणून घुमारा कमी आणि शब्द स्पष्ट. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 17 मीटरचे अंतर कापण्यास त्याला एक विसांश सेकंद लागतो; म्हणून मागील ध्वनिवर्धकांना तितका विलंब द्यावा लागतो, नाही तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. हे काम जाणत्या माणसाचे आहे. जाड सतरंज्या, पडदे आणि भिंतींवर ध्वनी शोषणारे तक्ते यांनी राहिलेले काम होते. आणि पाहा, हे सर्व केले की हद्दीवरचा आवाजही आपोआप उतरतो. भक्ताचे हित आणि शेजाऱ्याचे हित यांत जो विरोध आपण धरून चाललो आहोत, तो पुष्कळसा आपल्या अडाणी मांडणीने निर्माण केलेला आहे. गोव्यातील जत्रांची नाटके रात्री रंगतात. वेळेच्या नियमांची सर्वाधिक झळ त्यांना लागते. स्पष्ट पण मंद ध्वनीची विद्या इतर कोणाहीपेक्षा त्यांनीच आधी आत्मसात करावयास हवी.

दोन आक्षेप राहतात. पहिला परंपरेचा. पण आज प्रचलित असलेल्या ध्वनिवर्धकाची रचना राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वीची शतकानुशतके हरिदासांनी याच मंडपांत उभे राहून, गळ्याच्या आणि झांजेच्या बळावर शब्द पोहोचविला. वाड्याच्या दारावरील नगारखाना उंचावर आणि उघड्यावर बांधणाऱ्यांना, कोणता नाद गावात जावा आणि कोणता मंडपातच राहावा, याचा विवेक होता. परंपरा म्हणावयाची तर ती त्या विवेकाची आहे, कर्ण्याची नव्हे. दुसरा आक्षेप: “इतर धर्मीयांचे भोंगे चालतात, मग आमचेच का?” नियम सर्वांना एकच आहे, 2000 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एका चर्चच्या प्रकरणातला होता. आणि दुसऱ्याचा अपराध हा आपला बचाव होऊ शकत नाही, हे तर कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. शिवाय माझा मुद्दा शेजाऱ्याचा नाहीच. मंडपात बसलेल्या आपल्याच म्हाताऱ्या आईबापांना आपले कीर्तन कळत नाही, याला कोणत्या धर्मीयांना जबाबदार धरावयाचे?

तेव्हा देवस्थानांच्या समित्यांना आणि महाजनांना माझी मागणी अगदी साधी आहे. नवा संच घेण्यापूर्वी आणि त्याचे बिल फेडण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. परस्परांशी संबंध नसलेले पन्नास शब्द कागदावर लिहावेत. कथा, गदा, दान, पान, बाण असे, अंदाजाने ओळखता न येणारे. बुवांच्या जागेवरून एकाने पडद्यामागून ते वाचावेत. पुढे, मध्ये, मागे आणि कडेला काही माणसे बसवावीत, त्यांत सत्तरीच्या पुढचीही असावीत, आणि जे ऐकू आले ते प्रत्येकाने लिहून काढावे. पन्नासांत किती बरोबर, हा आकडा समितीच्या इतिवृत्तात नोंदवावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी सुबोधतेचा अंकही यंत्राने काढून घ्यावा, आणि तो ठरीव अंक गाठल्याशिवाय पैसे दिले जाणार नाहीत, अशी अट विक्रेत्याशी होणाऱ्या करारातच घालावी. करार कसा लिहावा हे विचारावयास कोणी आले तर मी फी घेणार नाही.

वॅटचा आकडा देणगीच्या फलकावर शोभतो आणि डेसिबलचा पोलिसांच्या पंचनाम्यात. देवस्थानच्या वहीत मात्र त्या बाईंना पन्नासांपैकी किती शब्द कळले, हाच आकडा असला पाहिजे. तो कमी असेल तर मग संच कितीही मोठा असो, कितीही नियमात असो आणि समितीच्या कानाला कितीही गोड लागो, तो परत पाठवावा.